ठमी भिंत चाटते, पण मला काळजी दोऱ्याची वाटते

लालबागच्या एक वाचक लिहितात (पत्र लांब आहे, इथे थोडक्यात):

चाळ पाडल्यावर सहा वर्षं संक्रमण शिबिरात काढून आठ महिन्यांपूर्वी आम्ही नव्या टॉवरमध्ये आलो, सतराव्या मजल्यावर. घरात आम्ही दोघं, नववीतला मुलगा, माळकरी सासूबाई आणि ठमी. ठमी आमची मांजर, चार वर्षांची, शिबिरातच जिन्याखाली जन्मलेली. गेला दीडेक महिना ती बेडरूमच्या खिडकीखालची भिंत चाटते, रोज, दहा-दहा मिनिटं. तिथला रंग जाऊन पुट्टी दिसायला लागली आहे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या चाटते, त्यांचे कोपरे चावते. रबरी चपलांचे पट्टे कुरतडते. खाणं नेहमीचंच, दूधपोळी आणि कधी दहीभात. पहिल्यापासून हेच खाते, म्हणजे खाण्याचा प्रश्न नसावा. मिस्टर म्हणतात, जागा बदलल्याचा राग काढतेय, थांबली नाही तर भाऊच्या धक्क्यावर सोडून येऊ. सासूबाई म्हणतात, कॅल्शियम कमी पडलंय, माझ्या गोळीतली अर्धी द्या. शेजारणीने भिंतीपाशी डांबराच्या गोळ्या ठेवायला सांगितल्या. त्या ठेवल्या, तर आता ती वीतभर बाजूला चाटते. एरवी मजेत असते. सासूबाई हार करायला बसल्या की दोऱ्याशी खेळते. मागच्या एकादशीला फुलपुडीचा हातभर दोरा गिळला, तो दोन दिवसांनी शीतून आला, मुलाने खेळतानाचा व्हिडिओपण केला होता. झोपते मात्र हल्ली जास्त. हे सवय म्हणून सोडून द्यावं, की काही उपाय करावा?

*

आधी दोन कामं करा, मग पुढचं वाचा. डांबराच्या गोळ्या उचला आणि घराबाहेर काढा. त्यांतलं नॅफ्थॅलीन मांजराला विषारी असतं, आणि ठमी सध्या दिसेल त्याला जीभ लावते आहे. दुसरं, सासूबाईंची हाराची सुई, रीळ आणि फुलपुड्यांचे साठवलेले दोरे झाकणाच्या डब्यात जाऊ देत. चिवड्याचा रिकामा डबा चालेल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भिंतीबद्दल तुम्ही दीड पान लिहिलं आहे, चपलांबद्दल चार ओळी, आणि दोऱ्याबद्दल दोन वाक्यं, तीही ‘एरवी मजेत असते’ याच्या मागोमाग. दवाखान्यात हे रोज बघते. जे विचित्र दिसतं त्याची माणसांना भीती वाटते आणि जे गोजिरवाणं दिसतं त्याची वाटत नाही. भिंत चाटणारं मांजर बघून लोक नजर काढायला निघतात. दोऱ्याच्या गुंड्याशी खेळणारं मांजर कॅलेंडरवर छापतात. एवढ्या वर्षांत नुसती भिंत चाटून मांजर गेलेलं मी पाहिलेलं नाही. दोऱ्याने गेलेली पाहिली आहेत. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ठमी तुमचा हात चाटते तेव्हा तिची जीभ कानशीसारखी लागते ना? त्या जिभेवर केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याच पदार्थाचे, बारीक काटे असतात, आणि ते सगळे घशाकडे वळलेले असतात. हाडावरचं मांस खरवडायला आणि अंग विंचरायला ही सोय उत्तम. पण दोरा त्यात एकदा गुंतला की तो थुंकून टाकणं तिला जमत नाही. जीभ जितकी हलवावी तितका तो आत सरकतो. तिने दोरा गिळला असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा तो तिला गिळावाच लागतो.

आत काय होतं ते एकदा सांगते, म्हणजे तुमचा मुलगा पुन्हा व्हिडिओ काढत बसणार नाही. काही वर्षांपूर्वी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात एक बोका आणला होता. दोन दिवस ओकत होता, कोपऱ्यात बसून होता. पोट दाबलं की कण्हत होता. मी त्याचं तोंड उघडलं, हनुवटीखालून अंगठ्याने जीभ वर उचलली, तर जिभेच्या मुळाशी सोनेरी केसासारखी एक रेघ चमकली. मखराच्या झिरमिळीचा दोरा. मधला भाग जिभेखाली अडकलेला, दोन्ही टोकं पोटात. आतडं बिचारं आपलं काम करतं, आलेली वस्तू पुढे ढकलतं. पण दोरा वर अडकलेला, तो पुढे जाईना. मग आतडंच त्या दोऱ्यावर चढत गेलं. परकराची नाडी ओढली की नेफा कसा चुण्याचुण्यांनी गोळा होतो, अगदी तसं. आणि ताणलेला दोरा प्रत्येक चुणीत आतून करवतीसारखा घासत राहतो. तीन ठिकाणी आतडं उघडून तो तुकड्यातुकड्यांनी काढावा लागला. बोका वाचला. सगळेच वाचत नाहीत.

तेव्हा एकादशीचा दोरा शीतून आला, ते विठ्ठलाची कृपा म्हणा किंवा नशीब म्हणा, पण ‘आपोआप निघतो’ असा नियम त्यावरून काढू नका. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2016 साली असल्या वस्तू खाणाऱ्या मांजरांचा अभ्यास छापला. त्यांच्या यादीत सगळ्यात वर बुटांच्या नाड्या आणि दोरे होते, प्लास्टिक आणि कापड त्यांच्या खाली. आपल्याकडची यादी तर आणखी लांब होईल: गजऱ्याचा दोरा, राखी, मिठाईच्या खोक्याची फीत, केसांचे रबर, संक्रांतीला गच्चीवरून आलेला मांजा. टॉवरमध्ये आणखी एक भर, कबुतरांसाठी बाल्कनीला लावलेली नायलॉनची जाळी. ती तुमच्याकडे असेल असं धरते (नसेल तर सतराव्या मजल्यावर आजच्या आज लावा), पण खालच्या कडेला धागे सुटलेत का ते अधूनमधून बघा.

पुन्हा कधी दोऱ्याचं टोक तिच्या तोंडातून किंवा शेपटीखालून लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही. कितीही सोपं वाटलं तरी नाही. तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं. आत्ता डोळ्यांदेखत गिळला असेल तर वेळ महत्त्वाचा. पहिल्या तास-दोन तासांत डॉक्टर कधीकधी औषधाने ओकारी काढू शकतात. घरी मिठाचं पाणी, एरंडेल, केळं यांतलं काही करू नका. एक्स-रेमध्ये दोरा स्वतः दिसत नाही, गोळा झालेलं आतडं दिसतं, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली तर ‘हे कशाला’ म्हणू नका. दोरा गिळताना कोणी पाहिलं नसेल आणि मांजर वारंवार ओकत असेल, लाळ गाळत असेल, जेवणाकडे पाठ फिरवून पलंगाखाली बसत असेल, तरी मनात दोरा आणावा. आणि मांजराचा उपास माणसाच्या उपासासारखा नसतो. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याच्या यकृतावर चरबी चढायला लागते, आणि मूळ दुखण्यावर नवं दुखणं येतं. विशेषतः गुबगुबीत मांजराच्या बाबतीत.

आता भिंत.

तुमच्या सासूबाईंना एक प्रश्न विचारा. त्यांच्या वेळी गावाकडे डोहाळे लागलेल्या बायका माती खायच्या का? पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, चुलीची भाजलेली माती? त्या हो म्हणतील आणि दोन नावंही सांगतील. आजचा डॉक्टर असं ऐकलं की बाईचं हिमोग्लोबिन तपासतो. मांजराचंही तेच आहे. ज्याला वैद्यकात पायका म्हणतात, म्हणजे अन्न नसलेलं खाणं, त्याचं नाव दिसेल त्यावर चोच मारणाऱ्या एका युरोपियन पक्ष्याच्या लॅटिन नावावरून आलं आहे. त्याची कारणं बरीच आहेत, पण मांजर भिंत, माती, सिमेंट किंवा ट्रेमधली वाळू चाटू-खाऊ लागलं की माझा पहिला संशय रक्तक्षयावर जातो. त्यात तुम्ही शेवटी एक वाक्य टाकलं आहे, ‘झोपते मात्र हल्ली जास्त’. हे वाक्य मी पेनाने गोल करून ठेवलं आहे.

कॅल्शियमची गोळी देऊ नका. सासूबाईंचा तर्क वाईट नाही, भिंतीत चुना असतो, चुन्यात कॅल्शियम असतं, म्हणून मांजर चुना शोधतं. पण मांजराचं शरीर असं हिशेब करून किराणा आणत नाही. शिवाय माणसांच्या त्या गोळीत बहुधा ड जीवनसत्त्वही असतं, आणि साठ किलोच्या बाईसाठी मापलेलं ते चार किलोच्या जिवाला सहज जास्त होतं.

त्याऐवजी उद्या सकाळी खिडकीच्या उजेडात ठमीचा वरचा ओठ हलकेच उचलून हिरडी बघा. गुलाबी हवी. कुरमुऱ्यासारखी पांढुरकी, किंवा हळद लागल्यासारखी पिवळसर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. काही मांजरांच्या हिरड्यांवर काळे ठिपके असतात, त्यांनी घाबरू नका, मधली जागा बघा. मग एक बारीक फणी घ्या, पिसवांसाठी मिळते ती, नसेल तर उवांची. शेपटीच्या मुळापाशी चार वेळा फिरवा आणि निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. धूळ असेल तर काळीच राहील. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ठमीचं रक्त. सतराव्या मजल्यावर पिसवा कुठून, असं वाटेल. शिबिरातून आणलेल्या गाद्या आणि सोफा यांच्याबरोबर त्याही लिफ्टने वर आल्या असतील, आणि मुंबईची दमट हवा त्यांना वर्षभर मानवते. पिसवा निघाल्या तर औषध मांजराचंच आणा. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या काही औषधी थेंबांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. ‘प्राणी तो प्राणी’ म्हणून दुकानदाराने दिलं तरी पाकीट वाचल्याशिवाय मानेवर एक थेंबही नको.

पिसवा आणि अंकुशकृमी (आतड्यातले एक प्रकारचे जंत) रक्त पितात. याशिवाय रक्तातले परजीवी, मांजरांचा ल्युकेमियाचा विषाणू, वय झालेल्या मांजरांत मूत्रपिंडं, अशी रक्तक्षयाची कारणं असू शकतात, आणि ती अंदाजाने ओळखता येत नाहीत. म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शीची तपासणी, आणि डॉक्टरांना वाटलं तर विषाणूची चाचणी. रिपोर्ट हातात आला की स्वतःचे आकडे तिला लावू नका. मांजराचं हिमोग्लोबिन साधारण 8 ते 15 असतं, नऊ बघून घरात रडारड नको. जाताना भिंत चाटतानाचा व्हिडिओ बरोबर न्या, चिरंजीवांची हौस तिथे कामी येईल. दवाखान्यात कुठलंच मांजर भिंत चाटून दाखवत नाही, ते टेबलावर पुतळा होऊन बसतं.

तुम्ही लालबागला राहता हे बरं आहे. परळचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, तुमच्यापासून जवळ. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच, 1886 पासूनचं. नावात बैल आणि घोडा असले तरी मांजरं पुष्कळ येतात. सकाळी लवकर जा.

आणि हो, भिंत नेमकी कुठली तेही डॉक्टरांना सांगा. ही खिडकीखालची कोरडी भिंत आहे. एसीच्या पाण्याने ओलावलेली भिंत मांजर पाण्यासाठी चाटतं, गॅसशेजारची फोडणीच्या तेलकट थरासाठी. तसं असतं तर मी इतकी मागे लागले नसते. चाळीतून आणलेलं ऑइलपेंटचं जुनं कपाट घरात असेल, तर तिथे मात्र तिला चाटू देऊ नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा आपल्याकडे 2017 च्या अखेरीपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाच्या पोपड्यात शिसं असू शकतं, आणि ते तुमच्या मुलालाही चांगलं नाही.

आता ज्या वाक्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे, त्यावर येते. ‘पहिल्यापासून हेच खाते, म्हणजे खाण्याचा प्रश्न नसावा.’

खरंच हेच खायची का? पत्रातच तुम्ही दुसरीकडे लिहिलं आहे की शिबिरात समोरच्या खोलीतल्या मावशी बुधवार, शुक्रवार, रविवार तिला बांगड्याची डोकी द्यायच्या. खालच्या मजल्यावर उंदीर होते आणि ते तुमच्या मजल्यावर कधी आले नाहीत, यात ठमीचा हात असणार. पॅसेजमध्ये दारं उघडी असायची, ती चार घरी जेवायची आणि तुमच्याकडे दूधपोळी घेऊन झोपायला यायची. तुम्हाला दिसायची ती फक्त दूधपोळी. आठ महिन्यांपूर्वी दार बंद झालं. मावशी नवव्या मजल्यावर गेल्या, उंदीर टॉवरमध्ये नाहीत (अजून), आणि जो तिचा दुपारचा चहा होता तो आता तिचं पूर्ण जेवण झाला.

मांजर मांसाहारी आहे आणि त्यात निवड नाही. टॉरिन नावाचा एक घटक त्याचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-मासळीतूनच यावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडत जातो. हृदयाचं हे नातं 1987 साली अमेरिकेत लक्षात आलं, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. दूधपोळीत ते नावापुरतं. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतही नाही, शी पातळ होते आणि घरच्यांना तीच तिची नेहमीची शी वाटते. टॉरिन कमी म्हणून ती भिंत चाटते असं मी म्हणत नाही. पण आठ महिने प्रथिनांची उपासमार झालेलं मांजर काहीही तोंडात घालून बघतं, यात नवल नाही.

इतर वाचकांसाठी एक आडवा मुद्दा: मासळी द्या म्हटलं की लोक कालवणातला तुकडा देतात. कांदा आणि लसूण मांजराच्या लाल पेशी फोडतात, कच्चे असोत की शिजलेले. रक्तक्षय असलेल्या मांजराला रश्शातला तुकडा धुऊन देणं हेही नको. मीठ-मसाला न घालता उकडलेली, काटे काढलेली मासळी द्या.

तुमच्या घरात अडचण मसाल्याची नाही, माळेची आहे, हे मला कळतं. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मासा शिजणार नाही. त्यांना मी काही शिकवायला जाणार नाही, पण एक सांगते. वाघाला कोणी माळ घालायला सांगत नाही, आणि ठमी त्याच घराण्यातली. तिला मिळायचं ते मिळू द्यायचं आणि आपण आपला नेम पाळायचा, यात कुठे काही मोडतंय असं मला तरी वाटत नाही. वाटत असेल तर त्यांच्या महाराजांना विचारा, माझा तो अधिकार नाही.

व्यवहार असा करता येईल. मांजरांचं पूर्ण आहार असलेलं कोरडं खाद्य आणा. पाकिटावर ते ‘पूर्ण आणि संतुलित’ असल्याचं लिहिलेलं हवं. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम लागतं, नेमकं माप पाकिटाच्या कोष्टकात असतं. डबा बाल्कनीत, वाटी वेगळी, वाढायचं आणि धुवायचं काम मुलाचं. घरात शिजत काहीच नाही. बदल एकदम नको, सात ते दहा दिवसांत थोडं थोडं वाढवत न्या, नाहीतर पोट बिघडेल आणि दोष खाद्यावर येईल. पाणी भरपूर, दोन ठिकाणी ठेवा. आणि सासूबाईंची सकाळची दूधपोळी एकदम बंद करू नका. ती ठमीपेक्षा त्यांना जास्त लागते. चमचाभर दुधात पोळीचा सुपारीएवढा तुकडा, एवढ्याने कोणाचं काही बिघडत नाही, शी पातळ नसेल तर. पेढ्याचं म्हणाल, तर मांजराला गोड चव कळतच नाही. ती चव ओळखणारं जनुक त्यांच्यात निकामी असतं, 2005 साली संशोधकांनी ते दाखवलं. नैवेद्याच्या ताटाभोवती फिरते ती स्निग्धाच्या वासाने.

तेच दुधाच्या पिशवीचं. प्लास्टिकमध्ये प्राणिज चरबीपासून केलेले घटक असतात, त्यांच्यासाठी मांजरं पिशव्या चाटतात, असं काही ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते फारसं पटत नाही. घडीत राहिलेला सायीचा थेंब आणि कुरकुर आवाज एवढं कारण पुरेसं आहे. 2018 पासून राज्यात पिशव्यांवर बंदी आली, तरी तुमच्या सिंकखाली ‘पिशव्यांची पिशवी’ असणारच, माझ्याही आहे. तिला कपाटाची कडी लावा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो सुटा त्रिकोण गिळायला अगदी बेताचा असतो. पिशव्या विसळून वाळत घालता त्या तिच्या उडीच्या वर. चपला कपाटात. एवढ्यावर भागतं, यात फार डोकं घालू नका. नुसतं चाटणं त्रासदायक, चावून गिळणं धोक्याचं, हा फरक मात्र डोक्यात ठेवा, आणि पट्ट्याचे तुकडे कमी होत असतील तर ते कुठे पडलेत ते शोधा.

मिस्टरांना सांगा, मांजर सूड घेत नाही. भिंत चाटून आपल्याला धडा शिकवावा एवढं आपल्याला ते मोजतही नाही. पण त्यांच्या बोलण्यात खरा भाग आहे, जागेचा बदल तिला लागलाच असणार. शिबिरात तिला पॅसेज होता, जिना होता, दहा माणसं, दोन शत्रू आणि एक ठरलेला कठडा. इथे चारशे फूट आणि एक खिडकी. म्हणजे ती खिडकीखालीच का बसते तेही कळतं. तपासण्यांत काही निघालं नाही तर ही बाजू धरावी लागेल. खरं तर निघालं तरी धराच. खिडकीपाशी तिला चढून बसता येईल असं काहीतरी द्या, जुनं स्टूलही चालेल. संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटं मुलाने काठीला पीस बांधून तिला पळवावं आणि खेळ झाला की काठी कपाटात ठेवावी, कारण तिलाही दोरी असते. कोरडं खाद्य कधी पुठ्ठ्याच्या नळीत लपवून ठेवा, शोधू दे तिला. कुंडीत गहू पेरा. सासूबाई गव्हांकुर करत असतीलच, चार पाती ठमीची. चावायचं असेल तर हे चावू दे. भिंतीवर तिखट लावणं, पाणी मारणं, ओरडणं यातलं काही नको. ती तुमच्यासमोर थांबेल आणि रात्री दोन वाजता चाटेल.

राहिला भाऊचा धक्का. तिथे मासळी भरपूर असते हे खरं, पण ती ज्यांची आहे त्या बोक्यांना ठमी ठाऊक नाही. घरात वाढलेली, कदाचित अशक्त, अशी मांजर तिथे नेऊन सोडणं म्हणजे तिला मारामारी आणि ट्रकच्या चाकांत सोडणं. कायद्याचं बोलायचं तर प्राण्याला उपासमार होईल अशा ठिकाणी टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मिस्टर वैतागून बोलले असतील, मनात नसेल, तरी लिहून ठेवते.

सोडायचंच असेल तर नवव्या मजल्यावर सोडा. हे मी थट्टेने म्हणत नाही. मावशींना विचारा. आठवड्यातले तीन दिवस त्यांच्या घरी मासळी येतेच. चार डोकी न फोडणी देता उकडून, काटे काढून ठेवायला त्यांना जड जाणार नाही, आणि ठमीला लिफ्टने न्यायचं काम मुलाचं. नुसत्या मासळीवर मांजर राहू शकत नाही, पाया तयार खाद्याचाच हवा, पण त्यावर ही मेजवानी चालेल. मावशींनाही बरं वाटेल, असा माझा अंदाज. टॉवरमध्ये आल्यापासून एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, असं तुम्हीच लिहिलं आहे. आणि पुढेमागे सासूबाईंचं मन मांसाच्या खाद्याला मानलं नाहीच, तर ठमीने कायमचं नवव्या मजल्यावर राहावं आणि दुपारी तुमच्याकडे झोपायला यावं. तिच्या लेखी ती व्यवस्था जुनीच आहे.

पण आधी परळ. या आठवड्यात, एकादशीची वाट न बघता. मांजराची टोपली नसेल तर झाकणाची भाजीची करंडी चालेल, झाकण सुतळीने घट्ट बांधा. आत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घाला, तो वास तिच्या ओळखीचा आहे, रस्त्यात कमी ओरडेल. फक्त काठाचे दोरे सुटलेले नाहीत ना, ते आधी बघून घ्या.